विक्रमाची कंबर

चांदोबा मासिकातला राजा विक्रम म्हणजे लहानपणी माझा देव. मध्यरात्र, स्मशान, खांद्यावर प्रेत, आणि पठ्ठ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही! पन्नाशी उलटल्यावर तीच गोष्ट पुन्हा वाचायला घेतली आणि पहिल्याच परिच्छेदाला मनात आलं, झाडावरनं प्रेत उतरवताना हा माणूस कमरेतून वाकतोय. मणका जाणार.

तिथून वाचन बिघडलंच. राजा रात्रभर स्मशानात, तर सकाळी दरबारात जांभया कोण आवरतं? कागदांवर सह्या कोण करतं? राणी 'रोज रात्री कुठं जाता' असं विचारत कशी नाही? लहानपणी मला फक्त वेताळाची भीती वाटायची. आता राणीची वाटते.

त्यात बेळगावचा जुलै. चार महिने ओल्या भिंतींत राहिलेल्या कागदाला जो वास येतो, त्याला आमच्यात नाव नाही, नुसती शिंक आहे. माळ्यावरची ट्रंक उतरवली तर निम्म्या अंकांची कसरीनं जाळी केलेली, पिना गंजून पानाला चिकटलेल्या. शंकर यांनी काढलेलं ते विक्रम-वेताळाचं चित्र मात्र शाबूत होतं. फक्त ताईनं निळ्या बॉलपेननं वेताळाला चष्मा घातलेला. निरखून बघितलं, फ्रेम थेट माझ्यासारखी.

आणि प्रेतातल्या वेताळाचा तो नियम! गोष्टीच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं. बोललास तर मौन मोडलं, वेताळ परत झाडावर. लहानपणी हे फार चमत्कारिक वाटायचं. जन्म बेळगावात काढल्यावर वाटतं, यात चमत्कार कसला? कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहून मराठीत विचारावं, कन्नडमध्ये विचारावं, की गप्प रांगेत राहावं, हा हिशेब आम्ही पोरवयापासून करतो. बेळगाव महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं, या सीमाप्रश्नाचा दावा तर 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तारीख जवळ आली की वाटतं, आता आलाच खांद्यावर. मग पुढची तारीख पडते.

शिंका ऐकून शेजारचे अण्णा आले. घरी कन्नड बोलणारे, पण मराठी आमच्याहून ठसक्यात. चित्र बघून म्हणाले, "ह्यो आमच्या चंदमामातला राजा की ओ!"

"आमच्या चांदोबातला," मी म्हणालो.

"आमचा 1949ला निघालाय. तुमचा 1952ला."

आता यावर काय बोलणार? सगळ्याचं मूळ मद्रासला आणि पहिले अंक तेलुगू-तमिळ, असं सांगून मी बरोबरी साधायचा प्रयत्न केला. अण्णांनी त्याकडे सरळ दुर्लक्ष केलं आणि एक गोष्ट सुरू केली. मूळ वेताळपंचविशीत पंचवीसच गोष्टी. चांदोबानं नव्या जोडत तो वेताळ वर्षानुवर्षं लटकता ठेवला. ही मात्र मुळातली. देवीच्या देवळात एका बाईचा नवरा आणि भाऊ आपापलं डोकं उतरवून देवीला वाहतात. देवी प्रसन्न होते, 'डोकी धडाला लाव, उठतील' म्हणते, आणि बाई घाईत अदलाबदल करते. मग नवरा कुठला? विक्रम म्हणतो, डोकं मुख्य, म्हणून नवऱ्याचं डोकं असलेला.

लहानपणी हे मला मुकाट पटलं असतं. आतून ही म्हणाली, "आणि रेशनला अंगठा कुणाचा लागंल?"

आम्ही दोघे गप्प. अंगठा धडाबरोबर गेलेला!

"आधारवर फोटो आहे की," अण्णा सावरत म्हणाले. "तोंड जुळंल."

"मशीन अंगठा मागतंय, तोंड न्हवं."

"मग बँकेतली सही?"

"सही काय तोंडानं करतात?"

अण्णांनी विक्रमाची बाजू सोडली नाही. डोळ्यांवरनंही ओळख पटवतात म्हणाले, म्हणजे डोक्याला आशा आहे. मी धडाच्या बाजूनं झालो, कारण बोटं दहा आणि डोळे दोनच. आवाज चढले. शेवटी हिनंच दारात येऊन निकाल दिला, "दोघांनाबी तांदूळ मिळायचा न्हाई. सर्व्हर डाऊन हाय, उद्या या म्हणतील."