आधी कुठलं चाक उचललं जातं ते बघा, मग लॉकर घ्या

"बजेट एकाच लॉकरचं आहे. पुढे टाकू की मागे?" ऑफरोडिंगचा नाद लागला की हा प्रश्न पडतोच. (लॉकर म्हणजे एका एक्सलवरची, पुढची किंवा मागची, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायला लावणारी यंत्रणा.) उत्तरही ठरलेलं येतं: "मागे टाक, डोळे झाकून." मीही कित्येकांना हेच सांगितलंय. त्यातल्या 'डोळे झाकून'शी मात्र आता माझं पटत नाही.

उत्तर चूक नाहीये. चढावर वजन मागे सरकतं. व्हीलबेस २.७ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर धरा. सपाटीवर पुढे-मागे निम्मं-निम्मं असलेलं वजन ३० अंशांच्या चढावर साधारण ३५-६५ होतं. जिथे वजन तिथे पकड. शिवाय मागचा एक्सल सहसा दणकट असतो आणि मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे स्टीअरिंग जड होत नाही. (रिव्हर्समध्ये चढ चढायची वेळ आली की हाच हिशेब उलटा होतो. तेव्हा वजन पुढच्या चाकांवर असतं.)

एक गैरसमज जाता जाता. ओपन डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, लॉकर नसलेली गिअरची जोडणी) सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देतं, असं म्हणतात. तसं नसतं. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, दोन्हीकडे सारखाच जातो. हवेतलं चाक फिरवायला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नावापुरता मिळतो. लॉकर दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) एकत्र बांधतो आणि ही अडचण संपते.

आता खरा मुद्दा. बऱ्याच आधुनिक ४x४ गाड्यांना पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होणारं) असतं आणि मागे सलग एक्सल. मागचा एक्सल खड्ड्यात चांगला तिरका होतो, चाकं जमिनीला धरून राहतात. पुढच्या चाकांचा ट्रॅव्हल, म्हणजे वर-खाली होण्याचा पल्ला, कमी, त्यामुळे तिरक्या खड्ड्यांत पुढचंच चाक आधी हवेत जातं. मागची दोन्ही चाकं जमिनीवर असताना मागचा लॉकर वेगळं असं काय करणार? आणि दगडाची पायरी चढताना पुढची दोन्ही चाकं एकदम ओढू लागली की गाडीचं नाक कसं वर येतं, ते एकदा अनुभवाच.

आडव्या उताराचा धडा मला फुकट मिळाला नाही. ओली माती, गाडी एका बाजूला कललेली, आणि मी हौसेने मागचा लॉकर लावलेला. दोन्ही मागची चाकं एकदम फिरली आणि शेपूट सरळ खाली घसरलं. ओपन डिफ असतं तर एक चाक घसरलं असतं आणि दुसऱ्याने निदान गाडी धरून ठेवली असती. त्या दिवसापासून आडव्या उतारावर माझं बोट त्या बटणापासून लांब असतं.

पुढच्या लॉकरचे नखरे कमी नाहीत. लावला की स्टीअरिंग दगडासारखं जड, गाडी वळायलाच तयार नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबलात तर सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) तुटायची भीती. म्हणून पुढे लॉकर घ्यायचाच तर बटणावर चालू-बंद होणारा घ्या. ऑटोमॅटिक लॉकर स्वस्त पडतो, पण तो स्वतःच्या मर्जीने लागतो-सुटतो, आणि वळणावर तेच नको असतं.

अजून एक, मॅन्युअल नीट वाचा. काही गाड्यांत मागचा लॉकर लावला की ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणारं चाक आपोआप आवरणारी यंत्रणा) बंद होतं, पुढच्या चाकांचंसुद्धा. म्हणजे मागे कमावलं ते पुढे गमावलं.

ठरवायचं कसं? नेहमीच्या वाटेवर लो रेंजमध्ये (४x४ चा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर), लॉकरशिवाय, सावकाश गाडी काढा. एका मित्राला बाहेर उभं करून मोबाईलवर शूट करायला सांगा. अडकलात की गाडीतून उतरून बघा, कुठलं चाक फुकट फिरतंय.

मी हे केलं ते मागचा लॉकर बसवून झाल्यावर दोन वर्षांनी. व्हिडिओत जवळपास दर वेळी पुढचंच डावं चाक हवेत होतं.