‘आता यांचा नंबर’: त्या यादीला उत्तर

निवडणूक जवळ आली की आमच्या गावच्या ग्रुपवर एक यादी फिरायला लागते. ‘पुढच्या दोन महिन्यांत आत जाणारे नेते.’ नावं पक्षाप्रमाणे बदलतात, म्हणजे पाठवणाऱ्याच्या पक्षाप्रमाणे. खाली लिहिलेली कारणं मात्र ठरलेली: नोटीस गेली आहे, मंजुरी मिळाली आहे, अटक झाली की खुर्ची गेलीच, आणि जो जामिनावर बाहेर आला तो ‘सेटिंग’ लावून सुटला. परवा ही यादी मला तिघांनी पाठवली. त्यातला एक वकील आहे, म्हणून लिहायला बसलो.

‘ईडीची नोटीस आली म्हणजे गेला.’

२२ ऑगस्ट २०१९ ला राज ठाकरे कोहिनूर मिल प्रकरणात ईडीच्या कार्यालयात गेले. आठ तासांहून जास्त चौकशी झाली आणि रात्री ते घरी परतले. महिन्याभरात राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात शरद पवारांचं नाव आलं. तेव्हा तर ‘साहेब आत’ हे लोक गृहीतच धरून बसले होते. पवारांनी जाहीर केलं, २७ सप्टेंबरला मीच येतो. ईडीने कळवलं, सध्या येण्याची गरज नाही. शेवटी मुंबईचे पोलीस आयुक्त त्यांच्या घरी गेले आणि जाऊ नका अशी विनंती केली. समन्स नव्हतंच, तर अटक कुठली?

उलट उदाहरणही आहे. अनिल देशमुखांना समन्सवर समन्स गेली, ते गेले नाहीत. १ नोव्हेंबर २०२१ ला स्वतःहून हजर झाले आणि त्याच रात्री अटक झाली. म्हणजे नोटिशीवरून इकडचं किंवा तिकडचं, काहीच ओळखता येत नाही. कायद्यातही ते तसंच आहे. मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं, याविरुद्धच्या कायद्याचं कलम ५० साक्ष द्यायला किंवा कागद आणायला कुणालाही बोलावण्याची मुभा देतं. बोलावलेला प्रत्येक जण आरोपी नसतो. ईडी स्वतःकडे जी नोंद करते तिला एफआयआर म्हणता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगून ठेवलं आहे.

‘खटल्याला मंजुरी मिळाली, आता सुटका नाही.’

यादीतला हा मुद्दा मला सर्वांत आवडतो, कारण त्याचं उत्तर महाराष्ट्राने एकदा संपूर्ण जगून दाखवलं आहे. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या फ्लॅटचा घोटाळा. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रिपद गेलं, जानेवारी २०११ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, २०१२ मध्ये आरोपपत्र आलं. सगळ्यांना वाटलं, आता काय राहिलं? राहिली होती खटला चालवायला लागणारी राज्यपालांची मंजुरी. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी ती नाकारली. मग सीबीआयच न्यायालयात गेली की चव्हाणांचं नाव वगळा. उच्च न्यायालय म्हणालं, नाही वगळता येणार. दिल्लीत सरकार बदललं, मुंबईत बदललं, राजभवनात सी. विद्यासागर राव आले आणि २०१६ मध्ये त्यांनी मंजुरी दिली. पुन्हा याद्या फिरल्या. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती मंजुरीच रद्द केली: आधी नकार दिल्यावर नव्याने होकार द्यायचा तर न्यायालयात टिकेल असा नवा पुरावा हवा, तो दिसत नाही.

सात वर्षं. तीच फाइल, तोच माणूस, मंजुरीचा एक नकार, एक होकार आणि तो होकार रद्द. यातल्या कुठल्या वळणावर ‘दोन महिन्यांत आत’ असं छातीठोकपणे सांगता आलं असतं?

‘अटक झाली की पद जातं.’

नवाब मलिकांना २३ फेब्रुवारी २०२२ ला अटक झाली आणि जून अखेरीस महाविकास आघाडीचं सरकार पडेपर्यंत ते मंत्रिमंडळात होते, तुरुंगातून. अरविंद केजरीवाल मार्च २०२४ मध्ये अटकेनंतरही मुख्यमंत्री राहिले. हे शोभतं का, हा वेगळा वाद, आणि त्यात माझं मत यादीवाल्यांपेक्षा फार वेगळं नाही. पण आमदारकी-खासदारकी जाते ती शिक्षेने. बहुतेक गुन्ह्यांत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा व्हावी लागते. अपील केलं म्हणून पद वाचवण्याची जुनी सवलत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लिली थॉमस निकालाने गेली. तीस दिवस कोठडीत राहिल्यास मंत्रिपद जाईल, असं विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. ते मांडलं त्याच दिवशी लोकांनी कायदा समजून फॉरवर्ड केलं होतं.

आणि शिक्षा व्हायला लागतो किती वेळ? नागपूर जिल्हा बँकेच्या घोटाळ्याचा गुन्हा २००२ चा. सुनील केदारांना पाच वर्षांची शिक्षा झाली २२ डिसेंबर २०२३ ला. आमदारकी मात्र लगेच गेली.

‘जामीन म्हणजे सेटिंग.’

साध्या गुन्ह्यात जामीन म्हणजे फक्त खटला संपेपर्यंत बाहेर राहायची परवानगी. मनी लाँडरिंगमध्ये मात्र कलम ४५ आडवं येतं: हा माणूस दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, असं न्यायाधीशाला वाटावं लागतं. संजय राऊत सुमारे शंभर दिवसांनी बाहेर आले तेव्हा विशेष न्यायालयाने त्यांची अटकच बेकायदा म्हटली होती. ईडी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, तो तिचा हक्क. छगन भुजबळ दोन वर्षांहून जास्त काळ आत होते आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सदनाच्या लाचलुचपत प्रकरणात दोषमुक्त झाले. दोषमुक्त म्हणजे आरोप ठेवण्याइतकंही सापडलं नाही. निर्दोष सुटणं त्याच्या पुढचं, खटला चालल्यानंतरचं. (‘क्लीन चिट’ नावाचा कागद कुठल्याच कायद्यात नाही. तो फक्त वाहिन्यांवर मिळतो.)

‘आतल्या गोटातली बातमी आहे, सगळं वरून ठरतं.’

इथे मी निम्मा यादीवाल्यांच्या बाजूने आहे. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने एप्रिल २०२४ मध्ये मोजदाद केली: २०१४ नंतर भ्रष्टाचाराच्या चौकशीला सामोरे जाणारे विरोधी पक्षांतले २५ नेते भाजपमध्ये किंवा त्याच्यासोबतच्या पक्षांत गेले, त्यातल्या २३ जणांना कारवाईतून दिलासा मिळाला. मार्च २०२५ मध्ये सरकारनेच राज्यसभेत सांगितलं की दहा वर्षांत आजी-माजी खासदार, आमदार आणि राजकीय नेत्यांवर ईडीच्या १९३ केसेस झाल्या आणि शिक्षा झाली दोन प्रकरणांत. हे वाचून संशय न येणारा माणूस फार भोळा म्हणायचा. पण मग तुमच्या यादीचं काय होतं बघा. फाइल पुराव्यावर न हलता सोयीवर हलत असेल, तर पुरावे मोजून नावं काढण्यात अर्थ नाही. उद्या तोच नेता पक्ष बदलून तुमच्याच व्यासपीठावर बसलेला दिसेल आणि तुम्हाला यादी दुरुस्त करावी लागेल.

हे सगळं त्या वकील मित्राला फोनवर सांगितलं. म्हटलं, तुझ्या यादीत अकरा नावं आहेत, एकाचा तरी गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं आणि कलम पाठव. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला. उघडून पाहिला तर नुसता अंगठा.