पत्ता नसलेली चैन

गेल्या जानेवारीत माझ्या मुलीने आम्हा सर्वांना दक्षिण गोव्यातील एका पंचतारांकित रिसॉर्टमध्ये तीन रात्रींसाठी नेले. ‘आम्हा सर्वांना’ यात माझे ८४ वर्षांचे वडीलही होते, आणि खरे तर हा सारा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. पहिल्या दिवशी पहाटे सहा वाजता ते बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि ऐकायला सांगितले. कुंपणाच्या भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, सायकलवर निघाला होता आणि त्याचा भोंपू वाजत होता. बाबा म्हणाले, “आज नाश्त्याला गरम पोई मिळेल.”

नाश्त्याच्या दालनात पावाचे अकरा प्रकार मांडले होते. क्रोसाँ होते, बगेट होते, रायचा पाव होता, बिया लावलेले दोन-तीन प्रकार होते. पोई, म्हणजे गोव्याचा स्वतःचा पाव, मात्र नव्हती. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा सावंतवाडीकडचा निघाला. बाबांनी त्याला मराठीत विचारल्यावर तो क्षणभर घुटमळला आणि मग हळू आवाजात म्हणाला, “काका, पोई आमच्या स्टाफच्या कँटीनमध्ये येते. पाहुण्यांसाठी ठेवत नाहीत.”

ही तक्रार पावाची नाही, पण मला जे म्हणायचे आहे ते या एका वाक्यापासूनच सुरू होते. त्या ठिकाणी खोली स्वच्छ होती, गाद्या उत्तम होत्या, माणसे अतिशय नम्र होती. आपण नेमके कोठे आहोत हे मात्र तिथल्या एकाही वस्तूने आम्हाला सांगितले नाही. मासळीची आमटी आठवड्यातून एकदा, ‘गोवन नाईट’ला. सोलकढी विचारली तर लिंबाचे सरबत आले. भिंतींवरची चित्रे जगातल्या कोणत्याही समुद्राची असू शकली असती. हातात चाळीस हजार रुपयांचे बिल, बाहेर साळसेत तालुका, आणि आत मात्र कुठलाच पत्ता नाही.

बाबांना हे माझ्यापेक्षा अधिक लागले, आणि त्याचे कारण त्यांच्या नोकरीत आहे. १९६३ पासून निवृत्त होईपर्यंत ते एअर इंडियात होते. सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावरील इंजिन दुरुस्ती विभागात त्यांचे आयुष्य गेले. आधी बोइंग ७०७ ची इंजिने आणि पुढे जंबोची, म्हणजे बोइंग ७४७ ची, जेटी-९डी त्यांच्या हाताखालून गेली. आम्ही कालिन्याच्या वसाहतीत वाढलो. आमच्या घरात विमानांची नावे घरच्या माणसांसारखी घेतली जात. ७०७ विमानांना हिमशिखरांची नावे होती, नंदादेवी, अन्नपूर्णा, गौरीशंकर अशी. १९७१ मध्ये आलेल्या जंबो विमानांना सम्राटांची. पुढे १९८८ मध्ये त्या ताफ्यात ‘शिवाजी’ नावाचे विमान दाखल झाले, तेव्हा वसाहतीत पेढे वाटले गेले होते, हे मला स्पष्ट आठवते.

१९८२ च्या मे महिन्यात, मी अकरा वर्षांची असताना, आम्ही लंडनला आत्याकडे गेलो. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना मिळणारे ते ‘सब्लो’ तिकीट होते, म्हणजे विमानात जागा उरली तरच जायचे, नाही तर घरी परतायचे. सहारचे नवे टर्मिनल सुरू होऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. पहिल्या रात्री जागा उरल्या नाहीत, दुसऱ्या रात्रीही नाहीत. दोन्ही पहाटे आम्ही सामानासकट टॅक्सीने कालिन्याला परतलो आणि शेजाऱ्यांनी दोन्ही वेळा आम्हाला जेवायला बोलावले. तिसऱ्या रात्री नावे पुकारली गेली. फुकट तिकिटावर जाणाऱ्याने नीटनेटके दिसले पाहिजे असा दंडक असल्यामुळे बाबांनी टाय लावला होता, आईने पैठणी नेसली होती आणि माझ्या पायात चावणारे नवे बूट होते.

त्या विमानाचे नाव ‘राजेंद्र चोळ’. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी झरोका रंगवलेला होता. ‘आकाशातील तुमचा राजवाडा’ अशी कंपनीची तेव्हाची जाहिरात होती, आणि मी त्या झरोक्यातून बाहेर पाहणार म्हणून माझा आनंद मनात मावत नव्हता. साडी नेसलेल्या हवाई सुंदरीने दोन हात जोडून नमस्कार केला. जेवणाच्या कार्डावर लघुचित्रशैलीतील एक चित्र होते. ते कार्ड बाबांनी घडी न घालता शर्टाच्या आत ठेवून आणले आणि ते आजही आमच्या कपाटात आहे. जेवण काय होते ते मला आठवत नाही. आपण भारताच्या घरात बसून परदेशी चाललो आहोत, ही जाणीव मात्र पक्की आठवते.

ती जाणीव आपोआप आलेली नव्हती. ती कोणीतरी विचारपूर्वक घडवली होती, आणि म्हणून तिचा इतिहास सांगावासा वाटतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एअर इंडियाचे संस्थापक जेआरडी टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एक लहानसे पस मॉथ विमान जुहूच्या मातीच्या धावपट्टीवर उतरवले. पावसाळ्यात जुहूची ती जमीन पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. नव्याने स्वतंत्र झालेल्या, विमानेही बाहेरून विकत घेणाऱ्या देशाला युरोपातील बड्या कंपन्यांशी यंत्रांच्या बळावर स्पर्धा करणे शक्य नव्हते. मग स्पर्धा करायची ती कशाच्या जोरावर, या प्रश्नाचे उत्तर त्या माणसांनी ‘आपलेपणाच्या जोरावर’ असे दिले. १९४६ मध्ये कंपनीतले अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी कंपनीचे बोधचिन्ह झालेला महाराजा जन्माला घातला. १९५६ च्या सुमारास कंपनीने चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली आणि त्या पहिल्या खरेदीत विदर्भातून मुंबईत आलेल्या बी. प्रभा या तरुण चित्रकर्तीची चित्रे होती. कोळणींच्या उंच, शांत आकृती रंगवणाऱ्या बी. प्रभा. कंपनीच्या परदेशांतील कार्यालयांच्या भिंतींवर पुढे हुसेन आणि गायतोंडेही लागले. १९६७ मध्ये स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीकडून पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट देण्यासाठी राखदाणी घडवून घेतली आणि मोबदल्यात त्याला हत्तीचे पिल्लू पाठवले. आणि या सगळ्याच्या वर स्वतः जेआरडी प्रत्येक प्रवासानंतर टिपणे लिहून पाठवत. विमानातल्या चहाचा रंग कॉफीपासून वेगळा ओळखू येत नाही, इथपर्यंत त्यांची नजर जाई.

बाबांच्या विभागात या टिपणांची चर्चा होत असे. ज्या माणसाच्या हाताला दिवसभर ग्रीस लागलेले असे, त्यालाही वाटे की चहाचा रंग हा आपल्याही अब्रूचा प्रश्न आहे. माझ्या मते त्या काळच्या चैनीचे मर्म इथे आहे. झरोके आणि राखदाण्या हा तिचा बाहेरचा भाग. ज्याच्या हातून सेवा घडते त्याला ती आपल्या घरची वाटणे, हा आतला.

आता दुसरी बाजू मी टाळणार नाही, कारण जुन्या विमानप्रवासाच्या आठवणी काढणाऱ्या पोस्ट वाचताना मला नेहमी तीच खटकते. त्या राजवाड्यात फार थोड्यांना प्रवेश होता. एके काळी परदेशी जाणाऱ्या सामान्य भारतीयाला परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात जेमतेम आठ डॉलर घेऊन निघावे लागे. आम्ही गेलो ते बाबांच्या नोकरीमुळे. आमच्या इमारतीत भांडी घासायला येणाऱ्या मावशी रत्नागिरीच्या होत्या, त्यांनी विमान पाहिले ते कायम खालून. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटे काढली आणि पुढे इतरांनीही काढली, तेव्हा त्या मावशींचा मुलगा आईला पहिल्यांदा विमानाने बंगळुरूला घेऊन गेला. पाण्याची बाटली विकत घ्यावी लागली, पाय लांब करायला जागा नव्हती, आणि तरीही तो प्रवास माझ्या लंडनच्या प्रवासाइतकाच मोठा होता. जुन्या दिवसांबद्दल हळहळताना हे नाकारणारा माणूस, मला वाटते, अन्याय करतो.

आणि आणखी एक. १ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ वांद्र्याच्या समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. २३ जून १९८५ हा रविवार होता. ‘कनिष्क’ विमानात बॉम्बस्फोट झाला आणि ३२९ जणांचा अंत झाला, त्यांत २२ कर्मचारी होते. त्या संध्याकाळी वसाहतीत एकाही घरातून रेडिओखेरीज आवाज येत नव्हता. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. झरोक्यांच्या गोड आठवणी सांगताना हे दिवस गाळून चालणार नाही, कारण ज्यांनी तो काळ उभा केला त्यांनी हेही सोसले आहे.

म्हणून तो काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोंपैकी ‘आग्रा’ने मुंबईहून उड्डाण करताना पंख हलवून निरोप घेतला, तेव्हा बाबांनी ते दृश्य मोबाइलवर पाहिले आणि फक्त म्हणाले, “इंजिनं चांगली चालली.” मला हवे आहे ते वेगळेच. सोयी वाढल्या, प्रवास करणारे वाढले, पैसाही वाढला, मग पाहुण्याला आपल्या मुलखाची ओळख करून देण्याची ती आस आपण का सोडली?

गोव्यात तरी हे कायम असेच नव्हते. १९७४ मध्ये ताजने आग्वाद किल्ल्याच्या तटालगत आपले रिसॉर्ट उभारले, तेव्हा १६१२ मध्ये पूर्ण झालेला तो पोर्तुगीज किल्ला आणि त्याच्या पायथ्याचा समुद्र हेच पाहुण्यांसमोरचे मुख्य दृश्य ठेवले. दोनापावलाजवळ चार्ल्स कोरिया यांनी बांधलेले सिदाद द गोवा हे हॉटेल मी १९९० च्या दशकात पाहिले आहे. कमानी, अंगणे आणि भिंतींवर रंगवलेली माणसे यांतून त्यांनी एक छोटे गावच उभे केले होते आणि ते गाव गोव्याचेच होते. याच ठिकाणी वायंगिणी किनाऱ्यावर जाण्याच्या वाटेचा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हेही मी जाणून आहे. उत्तम वास्तुरचना आणि गावकऱ्याची वाट हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

तो प्रश्न आम्हाला तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष दिसला. सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला पंचवीस-तीस माणसे किनाऱ्यावर आली. जाळ्याचे दोर वाळूवर ओढत आणताना मध्ये हॉटेलच्या खुर्च्या आणि छत्र्या होत्या. सुरक्षारक्षकाने त्यांना दोर पलीकडे न्यायला सांगितले, कारण पाहुणे झोपले आहेत. आपल्या देशात भरतीच्या रेषेखालचा किनारा कोणाही हॉटेलच्या मालकीचा नसतो, आणि रापण तर हॉटेलांच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. बाबा आपल्या खुर्चीवरून उठले, खुर्ची स्वतः उचलून बाजूला ठेवली आणि उभे राहिले. मग आम्ही उठलो. नंतर जवळचे एक परदेशी जोडपेही उठले आणि त्यांनी तर दोराला हात लावला. जाळे वर आले तेव्हा बांगडे चमकत होते आणि ते जोडपे प्रत्येक माशाचे नाव विचारत होते. तीन दिवसांत मी त्या रिसॉर्टमध्ये पाहिलेला सर्वांत आनंदी पाहुणा म्हणजे हे जोडपे. हॉटेलने मात्र त्यांच्यापासून हीच गोष्ट दूर ठेवण्यासाठी माणूस नेमला होता.

माझ्या धाकट्या जावेचे मत वेगळे आहे. ती म्हणते, वर्षभर ऑफिस आणि घर सांभाळल्यावर तीन दिवस कोणतीही नवी गोष्ट समजून न घेता नुसते पडून राहण्याचे पैसे आपण देतो, त्यात गैर काय? गैर काहीच नाही, आणि तिच्या थकव्याचा मला आदर आहे. परंतु शांत झोपेसाठी ताटातून पोई काढून टाकावी लागत नाही. जिथे ती कँटीनमध्ये येतेच आहे, तिथे आणखी पन्नास मागवायला पोदेराला एक निरोप पुरेसा आहे. ती ताटात येत नाही, कारण कोणीतरी ठरवले आहे की पैसेवाल्या पाहुण्याला इथले काही नको असते. जेआरडी आणि कूका यांनी १९४८ मध्ये नेमका याच्या उलट अंदाज बांधला होता, आणि तोही अशा काळात, जेव्हा भारतीय असणे हे जगात चैनीचे लक्षण मानले जात नव्हते.

हीच भीती मला आता सिंधुदुर्गाबद्दल वाटते. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा जाहीर झाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि मोठी हॉटेले येणारच आहेत. ती यावीत. तिथल्या मुलांना सावंतवाडी सोडून दूर जावे लागू नये. परंतु घावणे, सोलकढी, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, दशावतार, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा हे सारे हाताशी असताना तिथेही अकरा परदेशी पाव मांडले गेले, तर ते त्या भूमीला परवडणारे नाही. परवाना देताना शासन खोल्यांची संख्या पाहते. किनाऱ्याची वाट मोकळी आहे का आणि स्वयंपाकघरातला माल जवळच्या गावांतून येतो का, हेही पाहिले जावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

डिसेंबरसाठी आम्ही तारकर्लीजवळ एका घरगुती निवासात दोन खोल्या घेतल्या आहेत. पंखा आहे, वातानुकूलन एकाच खोलीत आहे, आणि स्नानगृह बाबांना जमेल का हे मी दोनदा विचारून घेतले. मालकीणबाईंनी फोनवर एवढेच विचारले की आजोबांना काट्याचा मासा चालतो की मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण करू. मी उत्तर देण्याआधी बाबांनी फोन मागून घेतला आणि पंधरा मिनिटे ते त्यांच्याशी बोलत होते.