'टॉक्सिसिटी' हा शोकाचा अल्बम आहे

सिस्टम ऑफ अ डाउन या अमेरिकन मेटल बँडचं नाव निघालं की समोरचा हमखास 'चॉप सुई'ची सुरुवात तोंडाने वाजवून दाखवतो, 'काय राग आहे यार त्या गाण्यात!' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. त्यांचा दुसरा अल्बम 'टॉक्सिसिटी' (२००१) कॉर्न आणि लिंप बिझकिट या बँड्सच्या शेजारी 'नू-मेटल' (मेटलमध्ये हिप-हॉप मिसळणारा प्रकार) म्हणून सर्रास मांडला जातो. मला हे मनापासून खटकतं. रागाचा धूर त्यात भरपूर आहे, पण खाली जे जळतंय तो शोक आहे, आणि तो आर्मेनियन आहे.

चौघेही आर्मेनियन वंशाचे. गायक सर्ज टांकियन आणि ड्रमर जॉन डोल्मायन बैरूतमध्ये जन्मलेले, बेसवाला शावो ओडाजियन आर्मेनियाची राजधानी येरेवानचा, गिटारवादक डॅरन मलाकियन जन्माने अमेरिकन, पण आईवडील इराकमधून आलेले. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचं शिरकाण झालं. सर्जचे आजोबा त्यातून वाचलेले. १९९८ च्या पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं थेट त्याच विषयावर होतं, आरोप करणारं, हिशेब मागणारं. दुसऱ्या अल्बममध्ये त्या हत्याकांडाचं नाव घेणारं एकही गाणं नाही. तरी पहिल्यापेक्षा हा अल्बम मला जास्त आर्मेनियन वाटतो, कारण इथे ती गोष्ट चालींमध्ये उतरली आहे.

राग कुठे आहे ते आधी बघू. पहिलंच 'प्रिझन साँग' घ्या. गिटारचा एक ठोका, मग शांतता. पुन्हा ठोका, पुन्हा शांतता. त्या पोकळीत सर्ज कुजबुजतो आणि पुढच्या क्षणी सगळे एकदम कोसळतात. मग तो पत्रक वाचून दाखवावं तसे आकडे सुनावतो: अमेरिकेच्या तुरुंगांत जवळपास २० लाख माणसं आहेत, अमली पदार्थांच्या किरकोळ गुन्ह्यांत लोकांना आत टाकलं जातंय. सक्तीच्या किमान शिक्षेसारखा रुक्ष कायद्याचा विषय मेटलच्या गाण्यात असा बसवणं सोपं नाही. 'डिअर डान्स'मध्ये निदर्शकांवर तुटून पडणारे पोलीस आहेत. हे सगळं उघड आहे, पहिल्यांदा ऐकतानाच कळतं.

'चॉप सुई' मात्र लोक ऐकतात आणि ऐकतच नाहीत. डॅरनने सांगितलं आहे की माणूस कसा मेला यावरून आपण त्याच्याबद्दल मत बनवतो, त्याबद्दलचं हे गाणं आहे. कुणी नशेत गेला तर 'त्याच्या कर्माने मेला' म्हणून आपण मोकळे होतो. गाण्याचं मूळ नावच 'सुसाइड' होतं. मधल्या भागाला सर्जला शब्द सुचेनात, तेव्हा निर्माता रिक रुबिनने त्याला आपल्या कपाटातलं कुठलंही एक पुस्तक काढून उघडायला सांगितलं. जे समोर आलं ते गाण्यात गेलं: क्रुसावरच्या येशूची आर्त हाक, बापा, तू मला का सोडलंस. तिथपर्यंत धडधडणारं गाणं त्या जागी रुंद होतं, पियानो आणि तंतुवाद्यं येतात आणि सर्जचा आवाज चढत जातो. नीट ऐका, तो ओरडत नाहीये, विलाप करतोय.

४ सप्टेंबरला अल्बम आला आणि ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्याच्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. त्याच दिवसांत क्लिअर चॅनेल कंपनीने आपल्या रेडिओ केंद्रांना 'तूर्त टाळलेली बरी' अशा गाण्यांची लांबलचक यादी पाठवली. तीत 'चॉप सुई' होतं. देश शोकात असताना शोकाचं गाणं नको झालं! सर्जने हल्ल्यामागच्या राजकारणावर बँडच्या वेबसाइटवर एक निबंध लिहिला, तोही खाली उतरवला गेला. या गडबडीत अल्बमला 'अकरा सप्टेंबरचा रागीट अल्बम' असं लेबल चिकटलं ते कायमचं. खरं तर तो आधीच रेकॉर्ड होऊन छापून तयार होता.

शीर्षकगीत बघा. सहा मात्रांचा झोका, दादऱ्याची सवय असलेल्या कानाला तो लगेच पकडता येतो. जॉन डोल्मायनचे ड्रम त्या झोक्याला जे धक्के देतात त्यासाठीच मी हे गाणं पुन्हा पुन्हा लावतो.

आणि शेवटी 'एरियल्स'. सर्ज आणि डॅरन दोघांचे आवाज एकत्र, चाल संथ आणि जड. ते संपतं आणि यादीत नसलेला एक तुकडा सुरू होतो. त्यात आर्तो तुंचबोयाजियान हा आर्मेनियन संगीतकार आहे, आणि चाल आहे आर्मेनियन चर्चमधल्या 'देर वोघोर्म्या' या प्रार्थनेची. अर्थ: प्रभू, दया कर. तुरुंगाच्या आकडेवारीने सुरू झालेला अल्बम कुळाच्या प्रार्थनेवर येऊन थांबतो. हा तुकडा शोभेला जोडलेला नाही. तो ऐकून पुन्हा पहिल्या गाण्याकडे गेलात की सर्जच्या ताना, ती अचानक येणारी गंभीर लय, सगळं कुठून आलंय ते दिसायला लागतं. सिंगल म्हणून निघालेल्या 'एरियल्स'मध्ये हा भाग नाही, म्हणून अल्बममधलंच, सहा मिनिटांच्या पुढे जाणारं ऐका.

२००५ नंतर या बँडने एकही अल्बम काढलेला नाही, आपसात पटत नाही म्हणून. पण २०२० मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात नागोर्नो-काराबाख या प्रदेशावरून युद्ध पेटलं तेव्हा हेच चौघे पुन्हा एकत्र आले आणि दोन गाणी देऊन गेले. या माणसांना कशासाठी एकत्र यावंसं वाटतं, ते यातून कळतं.

अल्बम पूर्ण ऐकलेल्यांनी कमेंटमध्ये सांगा, तुमच्या मते सर्वांत दुर्लक्षित गाणं कोणतं? माझं मत 'फॉरेस्ट'ला.