रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) बिया टाकू नका
लेखात कोकम सरबताची कृती छान दिली आहे, पण शेवटी 'बिया फेकून द्या' हे वाचून जीव हळहळला. त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तरंगणारं तूप गार झालं की मुठीत वळून गोळे करायचे. तेच मुठेल. आमची आजी थंडीत पायांच्या भेगांना तेच गरम करून लावायची, दुसरं मलम घरात नव्हतंच.

आणि अंगणात शोभेला कोकमाचं झाड लावणार असाल तर कलमच आणा. बियांपासूनची रोपं साधारण निम्मी नर निघतात, सात-आठ वर्षं वाट पाहून एक फळ नाही! दापोली कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात जरूर लावा. कोवळी तांबूस पालवी काय देखणी दिसते!