इंजिनियरांनी कुस्ती बुडवली? साफ खोटं!

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ज्यांनी कधी लंगोट बांधला नाही अशा इंजिनियर-मास्तरांनी कुस्ती बुडवली, गादीनं, म्हणजे मॅटनं, मातीतली कुस्ती मारली, ऑलिम्पिकमधून कुस्ती बाद झाली, आणि कुस्ती खेळणाऱ्या पोरींना पुढे मूल होत नाही. हे वाचून वहिनीनं पुतणीचा आखाडा बंद केला. आता गप्प कसं बसायचं?

पोरींचं आधी. गीता फोगटनं २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण जिंकलं. २०१९ मध्ये तिला मुलगा झाला आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत तिनं पुन्हा रौप्य घेतलं. पोरींना खरा धोका असतो तो वजन उतरवायला उपाशी राहण्याचा. त्यानं पाळी बिघडते, हाडं ठिसूळ होतात. पुतणी जाते तो नागपुरातला आखाडा एक निवृत्त इंजिनियर चालवतात. स्वतः कधी लढले नाहीत. पण दर आठवड्याला प्रत्येकीचं वजन वहीत मांडतात, आणि आकडा झपाट्यानं घसरला की सरळ वरच्या वजनगटात नाव घालतात. सरावाआधी गादी जंतुनाशकानं पुसून घेतात, नखं बघतात, कुणाला गजकर्ण दिसलं तर बरं होईपर्यंत गादीवर येऊ देत नाहीत. अशा माणसानं कुस्ती बुडवली म्हणता?

खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. कॉलेजचे प्राचार्य होते ते, वस्ताद नव्हे. त्या पैशाविना स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आलं असतं का? आणि ते पदक गादीवरच आलं. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन्ही विभाग आहेत.

कुस्ती संघटनांच्या पदाधिकाऱ्यांवरचा राग मात्र अगदीच खोटा नाही, हे मानावं लागतं. वेळेत निवडणुका न झाल्यानं ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेनं आपल्या भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं, आणि आपल्या मल्लांना जागतिक स्पर्धेत तिरंग्याविना उतरावं लागलं. पण त्याचा राग वहीत वजनं मांडणाऱ्यावर काढायचं कारण नाही.

राहिलं ऑलिम्पिक. फेब्रुवारी २०१३ मध्ये कुस्ती वगळायची शिफारस झाली होती, हे खरं. पण त्याच वर्षी सप्टेंबरात कुस्तीला ऑलिम्पिकमध्ये पुन्हा जागा मिळाली. २०२४ मध्ये पॅरिसला अमन सहरावतनं ५७ किलोत कांस्य आणलं, तेही मेसेज लिहिणाऱ्याला दिसलं नाही.