एमएक्स चुकला असेल तर मेल परतच यायला हवा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की डोमेनवाल्याने एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचा ही नोंद) चुकवला म्हणून पाठवणाऱ्याचा मेल परत करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यापेक्षा सर्व्हरने त्या डोमेनचा ए रेकॉर्ड (नावामागचा आयपी पत्ता) शोधावा आणि मेल तिथे देऊन पाहावा.

तुमचा कळवळा पटतो, उपाय पटत नाही. कारण तोच उपाय मी करून बसलो आहे.

एका लहान कारखान्याचा मेल सर्व्हर मी सांभाळायचो. त्यांच्या एका पुरवठादाराला जाणारे मेल अचानक परत यायला लागले. पाहिलं तर समोरच्यांच्या झोन फाइलमध्ये (डोमेनच्या नोंदींची फाइल) एमएक्सच्या नावामागचं शेवटचं टिंब राहून गेलं होतं. टिंब नसलं की नेमसर्व्हर (या नोंदी विचारणाऱ्याला सांगणारा सर्व्हर) त्या नावाला डोमेन पुन्हा जोडतो: ‘मेल.दुकान.इन’चं होतं ‘मेल.दुकान.इन.दुकान.इन’. असं यंत्र जगात कुठेच नसतं. खरेदी विभागाची घाई होती, म्हणून मी पोस्टफिक्स या आमच्या मेल सर्व्हरच्या ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कुठला मेल कुठे न्यायचा याची यादी) ते डोमेन चौकटी कंसात टाकलं. कंस दिसले की पोस्टफिक्स एमएक्स बघतच नाही, थेट ए रेकॉर्डवर जातो. मेल गेले, लॉगमध्ये २५० (‘मेल स्वीकारला’चा कोड) दिसलं, सगळे खूश.

ए रेकॉर्ड होता वेबसाइटच्या होस्टिंगचा. तिथे जुन्या काळातली मेलची एक पेटी उघडी होती आणि ती काहीही स्वीकारत होती. तीन आठवड्यांनी पुरवठादाराचा फोन आला: ‘‘साहेब, या महिन्यात ऑर्डरच नाही का?’’ मेल परत येत राहिले असते तर हा फोन त्याच दिवशी आमच्याकडून गेला असता.

२००८ च्या आरएफसी ५३२१ मध्ये, म्हणजे मेल पोचवण्याच्या नियमांच्या दस्तऐवजात, हा भेद स्पष्ट आहे. एमएक्स अजिबात नसेल तर ए रेकॉर्डवर जायला मुभा आहे. एमएक्स आहे पण त्यातलं एकही नाव वापरता येत नाही, तर ए रेकॉर्डकडे वळायचं नाही, चूक म्हणून कळवायचं. तुमच्या सूचनेत या दोन गोष्टी एक झाल्या आहेत.

एका बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के खरं. नेमसर्व्हर उत्तरच देत नसेल, सर्व्हफेल (नाव शोधताना आलेलं अपयश) येत असेल, तर मेल लगेच परत करणं चूकच. तिथे ४०० च्या घरातला (तात्पुरत्या अडचणीचा) कोड द्यावा, मेल रांगेत ठेवावा, पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस थांबतो. पण मेल अडकल्याची सूचना पाठवणाऱ्याला देणं त्यात मुळात बंद असतं, ते मी चार तासांवर चालू करतो. एमएक्स सीनेमकडे (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) बोट दाखवत असेल तरी मी मेल जाऊ देतो. नियमाला धरून नाही, पण शेवटी निघणारा पत्ता डोमेनवाल्यानेच दिलेला असतो, मी मनाने शोधलेला नसतो.

बाउन्समधला, म्हणजे मेल परत आल्याच्या सूचनेतला, मजकूर कुणाला कळत नाही, ही तुमची तक्रारही मान्य. आता आमच्या बाउन्सच्या साच्यात वरतीच मराठीत आहे: ‘तुमचा मेल पोचलेला नाही. समोरच्यांच्या मेलच्या नोंदीत चूक असू शकते. कृपया त्यांना फोन करून कळवा.’

तुमच्या ट्रान्सपोर्ट मॅपमध्येही ‘नुसता मेल जाऊ दे’ म्हणून टाकलेले कंस असतील, तर त्या डोमेनवर काय काय पाठवलं ते आज लॉगमधून काढा आणि समोरच्यांना विचारा की मिळालं का.